सोळावी जोडी

१

ज्या मंगळवारी बारक्याची बातमी आली, त्या मंगळवारी मी खवले मोजत होते.

माझी खोली संग्रहालयाच्या तळघरात आहे. खिडकी नाही. दार ओलीने फुगलेलं असतं, आतून उघडताना खांदा लावावा लागतो. भिंतींना खांद्याच्या उंचीपर्यंत फिकट हिरवा तैलरंग, त्याच्या वर एके काळचा पांढरा. तीन बाजूंना मांडण्या, मांडण्यांवर बरण्या, बरण्यांत स्पिरिट आणि मासे. मधोमध टेबल. टेबलाखाली फरशीत एक गोल लोखंडी झाकण आहे. माझ्या स्टुलाचा एक पाय त्याच्या कडेवर येऊन डुगडुगतो, म्हणून मी त्याखाली पुठ्ठ्याची घडी घालते. बावीस वर्षांत त्या झाकणाशी माझा एवढाच संबंध आला होता.

गोड्या पाण्यातले बोटाएवढे मासे ओळखणं हे माझं काम. मोठा मासा कोणीही ओळखतो. लहानाचं तसं नाही, तो मोजावा लागतो. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत खवले किती, पाठीवरच्या पराला काटे किती, मिशांच्या जोड्या किती.

फोन वाजला. बारक्याची बायको होती.

"ताई, त्याची बॅग सापडलीय. धरणाच्या काठावर."

"आणि तो?"

"तो नाही. बूट आहेत. शेजारी शेजारी नीट लावून ठेवलेत म्हणे."

बारक्याने जन्मात कधी बूट नीट लावून ठेवले नव्हते. आई त्यावरून ओरडून ओरडून दमली आणि गेली. मी हे तिला बोलले नाही. "मी येते," एवढं म्हणून फोन ठेवला.

सुईचं टोक अजून एकोणिसाव्या खवल्यावर होतं. मी पुढचे मोजले. अठ्ठावीस भरले. आकडा वहीत लिहिला आणि मगच उठले. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

२

बारक्या माझा धाकटा भाऊ. शेंडेफळ म्हणून बारक्या. पुढे सहा फूट झाला, केस पिकले, तरी नाव तेच राहिलं. तो आमच्याच संग्रहालयासाठी नमुने गोळा करायचा. वर्षातले आठ महिने कुठल्यातरी ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभा. डोक्याला मी विणलेली निळी लोकरीची टोपी, कानावर पेन्सिल.

"तू बरी," म्हणायचा, "तुझे मासे उलट बोलत नाहीत."

"तुझेही बोलत नाहीत."

"माझे निदान पळून तरी जातात."

नमुना बरणीत घातला की तो पेन्सिलीने कागदाची चिठ्ठी लिहायचा, ती स्पिरिटमध्येच सोडायचा, झाकण लावायचा आणि त्यावर पेन्सिल ठोकायचा. दोनदा, मग जरा थांबून एकदा. बुडबुडे वर यावेत म्हणून दोनदा. तिसरी टकटक कशासाठी, असं मी एकदा विचारलं होतं. "ती ताईसाठी. पोचल्याची पावती," म्हणाला.

सतरा वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी मिळून एक ओळखसूची छापली. सूची म्हणजे विधानांच्या जोड्या. मासा समोर ठेवायचा आणि विचारत जायचं: मिशा आहेत? असतील तर तिसऱ्या जोडीकडे जा. नसतील तर दुसऱ्या. असं करत मासा शेवटी एका नावाशी येऊन थांबतो.

बारक्याने सोळावी जोडी स्वतःच्या मनाने घातली होती. डोळ्यांवर त्वचेचा पडदा असलेला, बंदिस्त अंधाऱ्या पाण्यात राहणारा लहान मासा.

"असा मासा कोणी पाहिलाय?" मी विचारलं.

"पाहिला नाही. पण असायलाच हवा. आजूबाजूचे सगळे आहेत, मधली जागा तेवढी रिकामी आहे."

"असायलाच हवा म्हणून सूचीत घालता येत नाही, बारक्या. नमुना आण, मग मी स्वतःच्या हाताने लिहीन."

"शब्द?"

"शब्द."

मी सोळावी जोडी खोडली. पण चौदाव्या जोडीतलं दुसरं विधान सोळाकडे पाठवत होतं. तो आकडा बदलताना मी घाईत सहा लिहिलं, आणि तसंच छापलं गेलं. सहावरून नऊ, नऊवरून चौदा, चौदावरून पुन्हा सहा.

बारक्या पोट धरून हसला. "ताई, तू पुस्तकात चकवा छापलास! यात शिरला तो फिरतच राहणार."

"त्यात शिरणारा मासाच नाहीये जगात. कोणी अडकत नाही."

त्यानंतर सतरा वर्षं बारक्या तो मासा शोधत होता. विहिरी, भुयारं, दगडांमधल्या भेगा. मला वाटायचं, छंद आहे, शोधू दे.

३

पाणबुड्यांनी नऊ दिवस शोधलं आणि दहाव्या दिवशी साहित्य गाडीत भरलं. धरण मोठं होतं आणि तळाशी गाळ होता. बारक्याची बायको काठावर सतरंजी टाकून बसली होती, ती उठेना.

"अहो ताई, नुसतं कुठे ते सांगा म्हणावं. बाकी मी काही मागत नाही. कुठे आहे तेवढं कळलं की मी उठते."

मी तिला धरून घरी नेलं. दोन दिवसांनी कामावर आले तर टेबलावर टपालाने आलेलं खोकं. वर माझं नाव, बारक्याचं अक्षर. बॅग सापडली ती पाच तारखेला. खोक्यावरचा शिक्का पुसट होता; आकडा तीन असावा किंवा आठ. भिंगाखाली धरला तेव्हा तो तीन वाटला. भिंग बाजूला केलं की आठ. तीनच असणार, असं मी ठरवलं. आठला काही अर्थच नव्हता.

आत एकच बरणी. सात मासे, करंगळीच्या पेराएवढे, रंग उडालेले. चिठ्ठी काचेला आतून चिकटली होती.

"१६. नमुने ७," असं लिहिलं होतं. त्याखाली "अधिवास", म्हणजे मासा कुठल्या पाण्यातला. बारक्या ही ओळ लिहिताना कंजुषी करत नसे: पाण्याची खोली, तळाचे गोटे, काठावर सावली किती, सगळं. इथे तीनच शब्द होते.

"ताईला माहीत आहे."

मी बरणी खाली ठेवली. तेवढ्यात कुठेतरी आवाज झाला. दोनदा, मग जरा थांबून एकदा. जुनी इमारत आहे, भिंतींतून नळ जातात. मी बरणी जराशी सरकवली आणि कामाला लागले.

४

चूक माझीच. ती चिठ्ठी मी बारक्याच्या बायकोला वाचून दाखवली. तिच्यापासून लपवणं मला बरं वाटलं नाही.

तिने ती मला पुन्हा वाचायला लावली. मग ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

"अगं नाही. मला खरंच—"

"तो खोटं लिहीत नाही. चिठ्ठीवर तर नाहीच. तुम्हीच सांगायचात ना, की त्याच्या चिठ्ठीवर डोळे मिटून विश्वास ठेवावा?"

"मासा कुठला ते मी शोधते. मासा सापडला की जागा सापडेल. मला जरा वेळ दे."

"मी रोज दहाला फोन करीन," ती म्हणाली. आणि करू लागली.

मी सूची उघडली आणि मासा समोर ठेवला. पार्श्वरेषा, म्हणजे कुशीवरची बारीक छिद्रांची रेघ, अर्धवट: नऊकडे जा. मिशांची एकच जोडी: चौदाकडे जा. डोळ्यांवर पातळ पडदा. त्याखाली डोळा होता, पूर्ण वाढलेला, बुबुळासकट. नुसता झाकलेला. सहाकडे जा.

चूक मला पाठ होती. तरी सवयीने बोट सहाव्या जोडीवर गेलं आणि मी पुन्हा पार्श्वरेषा पाहिली. मग मिशा. मग डोळे.

मान अवघडली म्हणून वर पाहिलं तेव्हा घड्याळात पाच वाजले होते. दहानंतरचं काही आठवेना. वहीत सहा, नऊ, चौदा. सहा, नऊ, चौदा. पानभर, आणि पान उलटून पुढचंही पानभर. अक्षर माझंच होतं. सुबकसुद्धा होतं.

दुःखात माणसाचं असं होतं, मी स्वतःला समजावलं. खांदा लावून दार उघडलं आणि घरी गेले.

५

मासा कुठला हे त्याच्या पोटावरून कळतं. वाहत्या, उन्हातल्या पाण्यातला असेल तर आत शेवाळ मिळतं. तळातला असेल तर वाळू. चिठ्ठी हरवली तरी पोटात पत्ता असतो, हे बारक्याच मला शिकवायचा.

पहिल्या माशाच्या पोटात शेवाळाचा कणही नव्हता. गंजाची बारीक पूड होती, आणि रंगाचे पापुद्रे. एका बाजूने हिरवे, दुसऱ्या बाजूने विटकरी.

मी मान वर केली. समोर भिंत होती.

कोपऱ्यातली मांडणी सरकवून मी नखाने भिंतीचा एक पापुद्रा काढला आणि बशीत शेजारी ठेवला. वरून हिरवा, खालून विटकरी. दोघांत फरक करता येईना.

घाई करायची नाही. पापुद्रे माझ्या भिंतीचे आहेत, ते उडून बशीत पडले असतील. मी नवं पातं घेतलं, नवी बशी घेतली आणि एक मासा झाकून वरच्या मजल्यावर छायाचित्रकाराच्या खोलीत नेला. तिथल्या भिंती पांढऱ्या आहेत.

"काय ताई, आज उजेडात?" तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला ऊन लागलं तर तुम्ही विरघळाल."

मी हसले आणि मासा उघडला. तेच. गंज आणि हिरवे पापुद्रे. मग वाटलं, रिकाम्या बरण्या बारक्या माझ्याच खोलीतून नेतो, रंग बरणीत असणार. हे पटण्यासारखं होतं. जिना उतरेपर्यंत पटलंही. पण बरणीत घातलेला मासा मेलेला असतो, आणि मेलेला मासा काही गिळत नाही.

तिसऱ्या माशाच्या पोटात निळ्या लोकरीचा तंतू होता. आणखीही थोडं काही होतं. ते मी वहीत लिहिलेलं नाही.

हात धुताना पायाखालून आवाज आला. दोनदा, मग जरा थांबून एकदा.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंपवाल्याला बोलावलं. इमारतीचे सगळे नळ त्याला तोंडपाठ आहेत.

"खालून नळ जातो का हो इथे?"

"एकही नाही. का?"

"आवाज येतो."

"उंदीर असतील, बाई."

"उंदीर मोजून ठोकतात का?"

"तुमच्या खोलीतले मोजतही असतील. संगत कुणाची आहे!" तो टेबलाखाली वाकला. "अच्छा, ही टाकी होय! मी विसरूनच गेलो होतो."

"कसली टाकी?"

"तुमच्या आधीची गोष्ट. लोकांना दाखवायला जिवंत मासे ठेवायचे, त्यांची ही साठवणीची टाकी. पुढे मासे मरायला लागले आणि बंद केली. माझे वडील तेव्हा पंपावर होते. त्यांनी स्वतः पाणी उपसलं, आत उतरून फडक्याने पुसली. तीस वर्षं झाली, खडखडीत कोरडी आहे."

"आतून रंग कोणता आहे?"

"हा काय, हाच." त्याने माझ्या भिंतीवर थाप मारली. "टाकीचाच रंग उरला, तो या खोलीला फासला. तशी तुम्हीही टाकीतच बसता म्हणा."

तो हसला. मीही हसले असेन.

आम्ही दोघांनी टेबल ओढून बाजूला घेतलं. झाकणाला दोन भोकं होती, हूक घालून उचलण्यासाठी, प्रत्येकी अंगठ्याएवढी. त्याने खिशातून खिळा काढला आणि एका भोकातून सोडला. खण्ण होईल म्हणून मी वाट पाहत होते.

डुबुक.

पंपवाल्याचं हसू गेलं. "पाणी आहे की हो." त्याने दुसरा खिळा सोडला. पुन्हा तेच. "येणार कुठून? थांबा, हूक गोदामात आहे. घेऊन येतो. ही भानगड आजच्या आज बघू." जाताना त्याने हातातला विजेरी दिवा माझ्याकडे दिला.

७

फुगलेलं दार त्याच्यामागे लागलं. अकरा वाजायचे होते. दहाच्या फोनला मी "अजून नाही" म्हटलं होतं.

मी फरशीवर पालथी पडले. एका भोकाशी दिवा धरला आणि दुसऱ्याला डोळा लावला.

आधी भिंत दिसली. हिरवा रंग, जागोजाग पापुद्रे सुटलेला, खाली विटकरी. पाणी बरंच खाली होतं, झाकण काढून हात घातला असता तरी पोचला नसता. काळं, अजिबात न हलणारं. मग उजेडाच्या वर्तुळात मासे आले. करंगळीच्या पेराएवढे. डोळे झाकलेले असूनही सगळ्यांची तोंडं दिव्याकडे. त्यांनी एक गोल धरला आणि फिरू लागले, सावकाश, एकाच दिशेने. माझ्या मनात आपोआप सुरू झालं: सहा, नऊ, चौदा.

मला आनंद झाला, हेही सांगायला हवं. क्षणभर मी फक्त माझं काम करणारी बाई होते. असा मासा आहे. बारक्याचं खरं होतं. मधली जागा रिकामी नव्हती.

मग गोलाच्या मधोमध काहीतरी पांढरं दिसलं. चौकोनी. चिठ्ठीएवढा कागद, पाण्याच्या जरा वर. पडलेला कागद पाण्यावर आडवा तरंगतो. हा उभा होता, माझ्याकडे वळवलेला. वाचणाऱ्याला सोयीचं व्हावं म्हणून धरतात तसा.

तो धरलेला होता.

त्यावर काय लिहिलंय ते दिसायच्या आत मी दिवा विझवला आणि दोन्ही भोकांवर तळहात दाबले. अंधारात पाणी हललं, कोणी उभं राहताना हलतं तसं. तळहाताला गारवा लागला. मग, जिथे माझाही हात पोचला नसता तिथून वर येऊन, माझ्या उजव्या तळव्याला कागदाची ओली कड टेकली. ती ढकलत नव्हती. नुसती टेकलेली होती, वाट पाहत.

माझ्या तोंडून "बारक्या" एवढंच निघालं.

कड निघून गेली. झाकणाला खालून ठोकल्याचं मला हातांत कळलं. दोनदा. मी श्वास धरून तिसऱ्याची वाट पाहिली. तिसरं आलं नाही.

८

पंपवाला हूक घेऊन आला तेव्हा टेबल जागेवर होतं आणि मी स्टुलावर बसले होते. भोकांवर पुठ्ठ्याची घडी, त्यावर स्टुलाचा पाय. स्टूल आता डुगडुगत नाही.

"हे काय? उघडायचं नाही?"

"आज नको."

"मग कधी?"

"मी सांगते."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. "बाई, तुमची बाही ओली आहे," म्हणाला, आणि हूक दाराशी भिंतीला टेकवून गेला. अजूनही भेटला की विचारतो, "सांगणार होतात ना?" पण खोलीत येत नाही.

या गोष्टीला आता चौदा महिने झाले. मला वरच्या मजल्यावर खिडकीची खोली देऊ केली होती, मी नको म्हटलं. मी उठले तर या स्टुलावर दुसरं कोणी बसेल, आणि ते झाकण उचलेल. रजाही घेत नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी येते, शेवटी जाते. टकटक दिवसातून दोन-तीनदा होते, नेहमी दोनच. मी मोजत राहते, तिसरी यावी म्हणून की येऊ नये म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

कारणं मी स्वतःला पुष्कळ देते. धरण इथून दिवसभराच्या प्रवासावर आहे. टाकीला वाट नाही. त्या दिवशी मी पहाटेपासून काही खाल्लं नव्हतं. यातलं प्रत्येक कारण धड आहे. एकापुढे एक ठेवत गेले की शेवटचं मला पुन्हा पहिल्यापाशी आणून सोडतं.

रोज दहाला फोन वाजतो.

"ताई, काही कळलं?"

"नाही गं, अजून नाही."

"बरं. उद्या करते."

काठावरून आणलेले त्याचे बूट तिने घरी दाराशी ठेवलेत, ते अजून जागचे हलवलेले नाहीत. मी सांगितलं तर ती उठेल, असं तिनेच म्हटलं होतं. पण सांगितलं की झाकण उघडावं लागेल, आणि उघडलं की तो एकतर सापडेल किंवा सापडणार नाही. यातलं कुठलं विधान घेऊन मी तिच्यापुढे जाऊ?

सूचीची नवी आवृत्ती निघते आहे. मुद्रितं टेबलावर आहेत. बाकी सगळं तपासून झालं. चौदाव्या जोडीतला सहा खोडून मी सोळा केला, आणि त्याखाली जागाही सोडली. नमुने आहेत, मोजमापं आहेत, दिलेला शब्द आहे. सोळावी जोडी मी अजून लिहिलेली नाही.